महामार्गावरची वेगमर्यादा कमी केली की अपघात खरंच कमी होतात का?

होतात, पण नुसती पाटी बदलून नाही.

आधी गणित बघा. दोन गाड्या शेजारी-शेजारी चालल्यात, एक ताशी 100 ने, दुसरी 120 ने. समोर अचानक अडथळा. ब्रेकवर पाय जायला दोघांनाही एक सेकंद लागला असं धरू. कोरड्या रस्त्यावर पहिली साधारण 83 मीटरवर थांबते. त्याच जागी दुसरीचा वेग अजून सत्तरच्या वर असतो! म्हणजे पहिल्याचा नुसता थरकाप, दुसऱ्याची जीवघेणी धडक. वेग 20 टक्के वाढला तरी धडकेची ऊर्जा 44 टक्के वाढते, कारण ती वेगाच्या वर्गावर चालते.

अमेरिकेने 1974 मध्ये देशभर ताशी 55 मैलांची मर्यादा लावली. रस्त्यावरचे मृत्यू एका वर्षात सुमारे 54 हजारांवरून 45 हजारांवर आले. मात्र तेव्हा तेलटंचाई होती, लोक गाड्याच कमी काढत होते. सगळं श्रेय मर्यादेला देणं बरोबर नाही.

'मग जर्मनीच्या ऑटोबानचं, म्हणजे बऱ्याच भागात वेगमर्यादाच नसलेल्या तिथल्या महामार्गाचं काय?' हा ठरलेला प्रश्न. तिथे मधे दुभाजक आहे, चौक नाहीत, पादचारी नाहीत. त्यामुळे वेग जास्त असूनही तिथल्या साध्या ग्रामीण रस्त्यांपेक्षा तो सुरक्षित ठरतो.

माझं मत विचाराल तर रुंद, सरळ रस्त्यावर 60 ची पाटी लावली तर कोणी पाळत नाही. उलट काही जण 60 ने, काही 110 ने जातात आणि ओव्हरटेकिंग वाढतं. तिथे दोन ठिकाणांमधला सरासरी वेग मोजणारे कॅमेरे जास्त कामाचे. एकट्या कॅमेऱ्यापुढे तेवढ्यापुरता ब्रेक मारणारे पुष्कळ असतात.