कॅपमागे पैसे मिळायचे, मग मी कामगार नाही का?

प्रश्न : ताई, मी पुण्यातल्या एका डेंटल लॅबमध्ये 2017 पासून सिरॅमिकचं काम करत होतो. सुरुवातीला पगार होता, पीएफही कापला जायचा. लॉकडाऊननंतर 2021 मध्ये मालकांनी आम्हा दहा जणांच्या शंभराच्या स्टॅम्प पेपरवर सह्या घेतल्या. आम्ही ‘स्वतंत्र सेवा पुरवठादार’ आहोत, असं त्यात लिहिलं होतं. पगारावर चौघंच राहिले. आमचा पीएफ बंद झाला, दाताच्या दर कॅपमागे पैसे मिळू लागले आणि त्यातून एक टक्का टीडीएस जाऊ लागला. डॉक्टरांकडून कॅप परत आली तर ‘रिपीट’ फुकट करून द्यायची, वर दंड भरायचा. गेल्या महिन्यात मी काम सोडलं. दोन महिन्यांचे पैसे अडकलेत. मालक म्हणतात, ‘तू कामगारच नाहीस, दिवाणी दावा लाव.’ रिटर्नही मी धंद्याचं भरलं आहे. माझा मित्र घरी बसून तीन लॅबना कॅड, म्हणजे कॉम्प्युटरवरचं डिझाइन करून देतो, त्याचेही पैसे थकलेत. आम्हाला काही करता येईल का? – एक वाचक, पुणे

उत्तर : करता येईल. पण तुमचा रस्ता वेगळा आणि मित्राचा वेगळा.

आधी त्या स्टॅम्प पेपरची भीती काढून टाका. माझ्याकडे येणारा प्रत्येक जण ‘पण मी सही केलीय’ याच वाक्याने सुरुवात करतो. तुम्ही कामगार आहात की नाही, हे प्रत्यक्ष काम कसं चालायचं त्यावरून ठरतं. स्टॅम्प पेपर, टीडीएस, रिटर्न हे सगळं मालकाचे वकील दाखवतील, दाखवू द्या. तेवढ्यावर निकाल लागत नाही.

तुमच्यासारखंच एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात 1973 मध्ये निकाली निघालं. तेव्हाच्या आंध्र प्रदेशातलं सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाउस. तिथल्या शिंप्यांना नगामागे पैसे मिळायचे, येण्याजाण्याची वेळ पक्की नव्हती, काही जण तर कापड शिवायला घरी न्यायचे. मालकाचं म्हणणं तेच, की हे आमचे नोकर नाहीत. न्यायालयाने काय पाहिलं? शिलाई मशिनं दुकानाची. कसं शिवायचं ते दुकान सांगणार. शिलाई मनासारखी नसेल तर कपडा नाकारून पुन्हा शिवून घेण्याचा हक्क मालकाचा. शिंपी कामगार ठरले. आता तुमची लॅब बघा. भट्टी कोणाची, पावडर कोणाची, दाताच्या रंगाची शेड कोण ठरवतं, कॅप कोण तपासतं? ज्या ‘रिपीट’चा तुम्हाला इतका राग आहे, तोच तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा आहे. शिंप्यांच्या या निकालाआधी, 1957 च्या सुमारास छापून आलेल्या धरांगध्रा केमिकल वर्क्सच्या निकालात कच्छच्या रणातले मीठ पिकवणारे अगारिया मणामागे पैसे घेऊनही कामगार ठरले होते, आणि त्यांना तर मदतीला आपली माणसं लावायची मुभा होती.

आता पैशांचं. 21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता, म्हणजे मजुरी-पगाराचा नवा कायदा, लागू आहे. काम सोडल्यावर दोन कामाच्या दिवसांत हिशेब चुकता व्हायला हवा. तो झाला नाही, तर संहितेखालच्या प्राधिकाऱ्याकडे तीन वर्षांच्या आत अर्ज करता येतो. चौकशी कामगार उपायुक्तांच्या कार्यालयात करा. पैसे दिले, हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर असते. थकलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार प्राधिकाऱ्याला आहे. तेवढी मिळेलच असं धरून चालू नका. दंडाचंही लिहा. तुमचं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय दंड लावता येत नाही आणि तो त्या मुदतीच्या वेतनाच्या तीन टक्क्यांवर जाऊ शकत नाही.

ग्रॅच्युइटी तुम्ही विचारली नाही, पण ती थकबाकीपेक्षा मोठी निघेल. पाच वर्षांची अट तुम्ही केव्हाच ओलांडली आहे. मालक म्हणतील, आमच्याकडे चारच माणसं, कायद्याला दहा लागतात. तुम्ही दहा जण मोजले की आकडा चौदा होतो, आणि एकदा लागू झालेला कायदा नंतर माणसं कमी झाली म्हणून सुटत नाही. पीएफचंही तसंच. 2021 पूर्वी कपात होत होती, म्हणजे लॅब योजनेत होती. भविष्य निर्वाह निधी कार्यालयाला चौकशी करून बुडालेली वर्गणी ठरवता येते. नगावर काम करणाऱ्याची ग्रॅच्युइटी शेवटच्या तीन महिन्यांच्या सरासरी रोजावर काढतात. सरासरी रोज हजार रुपये धरला तर वर्षाला 15 दिवस, म्हणजे आठ वर्षांचे 1,20,000. मागणीचा अर्ज शक्यतो तीस दिवसांच्या आत मालकाला द्या, पोच घ्या.

व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘उद्या साडेनऊला सगळ्यांनी या’, ‘सुट्टी विचारून घ्या’ असले मेसेज असणारच. ग्रुपमधून काढून टाकायच्या आत ते जपून ठेवा. लॅबमध्ये आलेल्या प्रत्येक केसच्या, म्हणजे ऑर्डरच्या, स्लिपांचे फोटो, बँकेचं स्टेटमेंट, रिपीटच्या नोंदी हेही. आणि मालक मऊ झाले, चेक पुढे केला आणि सोबत ‘आता काहीही येणे नाही’ असा कागद ठेवला, तर सही करू नका. ग्रॅच्युइटीचा हक्क असा लिहून सोडता येत नाही, पण तो कागद तुम्हाला वर्षभर कटकट देईल. बाकीचे नऊ जण सोबत आले तर उत्तमच. अजून तिथेच काम करणाऱ्यांवर मात्र जबरदस्ती नको, त्यांना चूल पेटवायची आहे.

मित्राचं प्रकरण वेगळं. लॅपटॉप त्याचा, गिऱ्हाइकं तीन, वेळ त्याची. तो खरोखरच स्वतंत्र व्यावसायिक आहे आणि कामगार कायद्याचा दरवाजा त्याच्यासाठी नाही. त्याने आधी ‘उद्यम’, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी केली आहे का ते विचारा. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे नोंदलेल्या सूक्ष्म उद्योगाचं बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावं लागतं. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट, तेही चक्रवाढ व्याज. तक्रार सुविधा परिषदेकडे, म्हणजे अशा थकलेल्या बिलांचे वाद सोडवणाऱ्या सरकारी मंडळाकडे जाते. नोंदणी फुकट होते. त्याने ती केली नसेल तर आजच करावी. मात्र नोंदणीआधी दिलेल्या कामाला हा फायदा मिळेल असं धरून चालू नये. त्या जुन्या बिलांसाठी आधी वकिलाची नोटीस, मग दिवाणी दावा.