फळछाटणीतला उत्साह, खरडछाटणीतले मौन

प्रश्न : तासगाव तालुक्यात आमची तीन एकर द्राक्षबाग आहे. माझे पती ४३ वर्षांचे असून स्वभावाने शांत आणि हिशेबी आहेत. गेल्या ऑक्टोबरात फळछाटणीनंतर मात्र ते रात्री दोन-तीन तासच झोपू लागले, पहाटे तीनला बागेत जाऊन मजुरांना फोन करू लागले आणि कुणालाही न विचारता बेदाण्याच्या शेडसाठी जागेचा विसार देऊन आले. वीसेक दिवसांनी ते आपोआप निवळले. आता एप्रिलची खरडछाटणी होऊन गेली तरी महिनाभर ते अंथरूण सोडत नाहीत, जेवण तुटले आहे आणि "माझ्यामुळे घर बुडालं" असे पुटपुटतात. गावातल्या डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या. सासूबाई देवऋषाकडून अंगारा आणतात, तर दीर म्हणतात की कर्जाचे टेन्शन आहे, पैसे आले की उतरेल. मी काय करावे? मुलगी लग्नाची आहे, हे तिच्यात उतरेल का?
— एक वाचक, तासगाव तालुका

उत्तर : ताई, आजचे दुखणे समजण्यासाठी तुमच्या पत्रातला ऑक्टोबर सर्वांत महत्त्वाचा आहे. घरातल्यांना समोर दिसते ती फक्त उदासी, म्हणून दिरांना कर्ज आठवते आणि सासूबाईंना बाहेरची बाधा. परंतु कर्जाच्या काळजीने ज्याची झोप उडते तो दिवसा गळून गेलेला असतो. तुमचे पती मात्र दोन तास झोपूनही पहाटे बागेत हजर होते. झोपेची गरजच कमी होणे, आठवड्याहून अधिक टिकलेला उत्साह, स्वभावाशी न जुळणारा व्यवहार आणि काही महिन्यांनी आलेले दीर्घ नैराश्य, हे सगळे बायपोलर म्हणजे द्विध्रुवीय आजाराकडे बोट दाखवते, ज्यात अति उत्साह आणि नैराश्य अशी दोन टोके आलटून-पालटून येतात. अर्थात पत्रावरून निदान करता येत नाही. थायरॉईडचा बिघाड, दारू किंवा स्टेरॉईडसारखी औषधे यांनीही असे घडू शकते, आणि ते तपासणाऱ्या डॉक्टरांना पाहावे लागेल.

पण त्या डॉक्टरांना ऑक्टोबर कोण सांगणार? रुग्ण सहसा सांगत नाही, कारण त्याला ते दिवस आजाराचे वाटलेले नसतात, उलट कधी नव्हे इतके चांगले गेलेले वाटतात. केवळ नैराश्य पाहून नुसती नैराश्यावरची गोळी सुरू झाली, तर काही रुग्ण तिच्यामुळे पुन्हा त्या उत्साहाच्या टोकाला जातात. म्हणून एका कागदावर लिहून न्या : झोप कधीपासून घटली, विसार कधी आणि किती दिला, तरुणपणी असे काही झाले होते का, घराण्यात कुणाला असा त्रास किंवा आत्महत्या झाली आहे का. सांगली-मिरजेच्या शासकीय रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांना दाखवता येईल. हे काम याच आठवड्यात करा.

घाई करण्याचे कारण त्यांचे "माझ्यामुळे घर बुडालं" हे वाक्य आहे. "जीव द्यावासा वाटतो का?" असे त्यांना सरळ विचारा, विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मनात कोंडलेले बोलायला वाट मिळते. द्राक्षबागायतदाराच्या घरी फवारणीची औषधे हाताशीच असतात, तेव्हा ती आजच भावकीतल्या कुणाच्या तरी कुलपात ठेवा आणि किल्ली घरात ठेवू नका. उत्तर होकारार्थी आले तर त्यांना एकटे न सोडता त्याच दिवशी रुग्णालयात न्या. पोलीस केस होईल या भीतीने पुष्कळ घरे गप्प बसतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार वेगळे सिद्ध होत नाही तोवर आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिला शिक्षा करता येत नाही. रात्री-अपरात्री बोलायचे झाल्यास १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तेथे मराठीत बोलता येते.

तज्ज्ञांनी मनाचे चढउतार आवरणारे लिथियम सुरू केले, तर शेतकरी घराने काही गोष्टी विशेष सांभाळाव्या लागतात. हे जुने आणि परिणामकारक औषध आहे, मात्र त्याची योग्य मात्रा आणि घातक मात्रा यांत अंतर थोडे असते. एप्रिल-मेच्या उन्हात घाम गाळून पाणी कमी पडले, जुलाब-उलट्या झाल्या, किंवा कंबर धरली म्हणून दुकानातून आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामक गोळी आणली, तर रक्तातले लिथियम वाढू शकते. हात जोरात थरथरणे, तोल जाणे, जीभ जड होणे ही खूण दिसली तर पुढची गोळी न देता लगेच रुग्णालय गाठावे. रक्ततपासणी शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी करतात. मूत्रपिंड आणि थायरॉईडही अधूनमधून तपासतात. बरे वाटले म्हणून हे औषध मनाने अचानक बंद करू नका. आजार उलटण्याचे ते नेहमीचे कारण आहे.

अंगाऱ्यावरून सासूबाईंशी वाद घालू नका. गोळी चुकत नसेल तर अंगारा कपाळी लागला म्हणून काही बिघडत नाही. "जरा मन घट्ट करा" हे वाक्य मात्र घरात कुणी उच्चारू नये. त्यापेक्षा आंघोळ, दोन घास, ओट्यावर दहा मिनिटे बसणे एवढेच मागा. ते सावरले की दोघांनी बसून ठरवा की ठरावीक रकमेपुढचा व्यवहार एकट्याने करायचा नाही आणि झोप सलग दोन-तीन रात्री घटली तर डॉक्टरांना फोन तुम्ही करणार. पुन्हा आजारी पडल्यास उपचार कसे व्हावेत आणि निर्णयात आपला प्रतिनिधी कोण, हे आधी लिहून ठेवण्याची सोयही वर सांगितलेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात आहे.

मुलीविषयी : आई-वडिलांपैकी एकाला हा आजार असल्यास मुलांपैकी शंभरात साधारण पाच ते दहा जणांना तो होतो, म्हणजे बहुतेकांना होत नाही. स्थळाकडच्यांना काय सांगायचे हे नंतर ठरवता येईल, आधी तिच्याशी बोला. ऑक्टोबरपासून घरात काय चालले आहे ते तिला दिसतेच आहे.