गुरुजी आमच्या शाळेत का टिकत नाहीत?

प्रश्न : आमच्या वाडीची जिल्हा परिषदेची शाळा दोनशिक्षकी आहे. गाव डोंगरात, म्हणून शाळा अवघड क्षेत्रात धरली आहे. चार वर्षांत पाचवे गुरुजी निघाले. माझी मुलगी तिसरीत आहे, तिला दर वर्षी नवा चेहरा. आमचं गाव शिक्षकांना आवडत नाही का? मी शाळा व्यवस्थापन समितीत आहे, काय करू?
– एक आई, धारूर तालुका, जि. बीड

उत्तर : ताई, तुमचा प्रश्न वाचून मला किनवट तालुक्यातला तांडा आठवला. मी तिथं तीन वर्षं शिकवलं. घर कंधारकडं, दीडशे किलोमीटरच्या वर. तांड्यावर एका घरानं मला खोली दिली, भाडं घेतलं नाही. पण संडास नव्हता. पहाटे अंधारात उठायचं, पावसाळ्यात बॅटरी घेऊन जायचं. सासूबाईंना अर्धांगवायू झाला, तेव्हा मी बदलीचा अर्ज केला. निघायच्या दिवशी एका लेकराच्या आईनं विचारलं, "बाई, आमचं काय चुकलं?" त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. तुमचंही चुकलेलं नाही.

पहिलीतली ती लेकरं घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली बोलायची. आईला याडी म्हणायची, भाकरीला बाटी. त्यांची बोली समजायला मला वर्ष लागलं, तेव्हा कुठं ती फळ्याकडं बघून बोलायला लागली. चार्ज देताना मी हजेरी दिली, दाखल-खारीज रजिस्टर दिलं, तांदळाचं पोतं मोजून दिलं, कपाटाची किल्ली दिली. कोणतं लेकरू कुठवर आलंय, हे मात्र कुठल्याच कागदावर नव्हतं. ते माझ्याबरोबर निघून गेलं. याची टोचणी मला अजून आहे.

आता कारणं सांगते. बदल्या 2017 पासून ऑनलाइन होतात. अवघड क्षेत्रात 3 वर्षं काढली की शिक्षकाला बदली मागायचा अधिकार मिळतो. हा नियम मला न्याय्य वाटतो, नाहीतर एकच माणूस आयुष्यभर डोंगरात राहील. बाकीच्या गावांतले शिक्षक 10 वर्षं सेवा आणि त्याच शाळेत 5 वर्षं झाली की बदलीपात्र होतात. आजारी, दिव्यांग, विधवा, 53 वर्षांवरचे यांना आधी संधी. पती-पत्नी 30 किलोमीटरपेक्षा लांब नोकरीला असतील तर त्यांचा वेगळा संवर्ग, म्हणजे गट. एकानं शाळा मागितली की तिथला बदलीपात्र शिक्षक हलतो. शिक्षक त्याला "खो बसला" म्हणतात. शेवटी उरलेल्या जागा तुमच्या वाडीसारख्या, तिथं कुणीतरी नाइलाजानं येतो.

तीन वर्षांच्या आत जाणारेही असतात. कुणाचं समायोजन होतं, म्हणजे जादा ठरलेला शिक्षक दुसऱ्या शाळेत पाठवतात, कुणाला बढती मिळते, कुणी आंतरजिल्हा बदलीनं आपल्या जिल्ह्यात परततो. तिथं त्याची सेवाज्येष्ठता शून्यावर येते, तरी जातो. म्हातारे आई-बाप घरी एकटे असले की माणूस ज्येष्ठता बघत नाही.

तुमच्या भागाचं आणखी एक दुखणं आहे. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला टोळ्या निघतात आणि वर्ग निम्मे रिकामे होतात. परत आलेली लेकरं अक्षरं विसरलेली असतात. शिक्षक त्यांना पुन्हा वाटेवर आणतो, तोवर जून येतो आणि बदलीचा आदेशही.

बदली तुम्ही थांबवू शकणार नाही, आणि थांबवू नये. शाळा मधल्या काळात रिकामी राहू नये, यासाठी मात्र भांडा. शिक्षण हक्क कायद्यानं 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक द्यायचे आहेत, आणि मंजूर पदांच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त जागा रिकाम्या ठेवायच्या नाहीत (कलम 26). दोनशिक्षकी शाळेत एक गेला की निम्मी शाळा गेली! समितीत ठराव घ्या, "बदलून येणारा शिक्षक हजर झाल्याशिवाय आमच्या शिक्षकाला कार्यमुक्त करू नये" असा. गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं नेऊन द्या आणि पोच घ्या. उन्हाळ्यात, आदेश निघायच्या आधी. शाळेला कुलूप ठोकायची घाई करू नका, त्यात लेकरांचेच दिवस जातात.

गावात शिक्षकासाठी एक बरी खोली बघा, संडास-पाण्याची. विशेषतः बाई येणार असतील तर. मला तांड्यानं फार जीव लावला, पण सासूबाईंच्या आजाराइतकंच पहाटेच्या त्या अंधारानंही माझं पाऊल बाहेर काढलं, हे मी आज मोकळेपणानं सांगते.

आणि एक दोनशे पानी वही आणा. जाणाऱ्या गुरुजींना हात जोडून सांगा, प्रत्येक लेकराला अर्धं पान द्या. वाचायला कुठं अडतं, हातच्याची वजाबाकी येते का, घरी काय बोलतं, दिवाळीनंतर कोण उसाला जातं, कुणाला डोळ्यांना कमी दिसतं. वही समितीकडं ठेवा आणि नवे गुरुजी हजर होतील त्या दिवशी चहाबरोबर त्यांच्या हातात द्या. तुमच्या मुलीचं पान आधी तुम्ही वाचा. काही सुटलं असेल तर खाली तुमच्या अक्षरात लिहा.