‘एलएन की’ नव्हे, एलन की. आणि पेचकसातला पेच

प्रश्न असा आहे: षट्कोनी खाचेच्या स्क्रूला लागणाऱ्या काटकोनी चावीला ‘एल-की’ म्हणावं, ‘एलएन की’ की ‘एलंकी’? शिवाय प्लस, स्टार वगैरे आकारांची नेमकी नावं कोणती?

पहिल्याचं उत्तर दोन शब्दांत: एलन की. एलन हे आडनाव आहे. अमेरिकेत हार्टफर्ड इथल्या विल्यम जी. एलन यांना स्क्रूच्या डोक्यात षट्कोनी खाच घडवण्याच्या पद्धतीचं पेटंट १९१० मध्ये मिळालं. त्या काळी कारखान्यांत फिरत्या शाफ्टवर पुली पक्की करणाऱ्या स्क्रूचं चौकोनी डोकं बाहेर डोकावत असे. त्यात कपडा अडकला की कामगार यंत्रात ओढला जाई. एलनचा स्क्रू पूर्ण आत बसे, म्हणून तो ‘सेफ्टी’ स्क्रू म्हणून विकला गेला. ज्या नावामागे एवढं आहे त्याचं बिलावर आणि टूलकिटच्या खोक्यावर ‘एलएन’ झालेलं दिसतं तेव्हा मला खरोखर चीड येते. ‘एल आकाराची म्हणून एल-की’ असं ठासून सांगणारेही भेटतात. टी आकाराच्या मुठीची एलन की सर्रास मिळते. तिला मग हे लोक काय म्हणणार?

जर्मनीत नेमका उलटा प्रकार झाला. तिथला ‘इनबुस’ हा शब्द खरोखरच आद्याक्षरांचा आहे: आतला षट्कोन या अर्थाच्या जर्मन शब्दाचा आरंभ, आणि पुढे बाउअर व शाउर्टे या कंपनीच्या नावातली अक्षरं. साल १९३६. पण कितीतरी जर्मन ‘इम्बुस’च म्हणतात, कारण ‘ब’च्या आधी ‘न’चा ‘म’ होतो. पुढच्या अक्षराप्रमाणे अनुनासिक बदलणारा आपला परसवर्णच हा! म्हणजे आपण आडनावाची आद्याक्षरं केली आणि त्यांनी आद्याक्षरांचा शब्द केला. इटलीत मात्र एजिदिओ ब्रुगोला यांचं आडनाव ‘ब्रुगोला’ म्हणून जसंच्या तसं टिकलं.

प्लसच्या, म्हणजे फुलीच्या आकाराचं नाव फिलिप्स. त्याबद्दल थोडक्यात. फुलीच्या खाचेचा स्क्रू बल्ब आणि रेडिओवाल्या फिलिप्सचा नाही. ती कंपनी हॉलंडची, १८९१ची, आणि तिच्या रोमन स्पेलिंगमध्ये एकच ‘एल’. स्क्रूवाले हेन्री फिलिप्स अमेरिकेतल्या पोर्टलंडचे, त्यांची पेटंटं १९३६ची, आणि त्यांच्या नावात दोन ‘एल’. देवनागरीत दोघं सारखे दिसतात, तेवढ्यावरून नातं जोडू नये.

‘स्टार’ हा शब्द तर आपल्या बाजारात पार भरकटला आहे. फुलीला ‘स्टार’, आणि मोबाइल दुरुस्तीत लागणाऱ्या सहा टोकांच्या खाचेलाही ‘स्टार’! या सहा टोकांच्या आकाराचं नाव टॉर्क्स. अमेरिकेतल्या कॅमकार टेक्स्ट्रॉन या कंपनीने तो १९६७ मध्ये आणला. नाव ‘टॉर्क’वरून, म्हणजे फिरवण्याच्या जोरावरून, आणि टॉर्कचं मूळ लॅटिन ‘तोर्क्वेरे’, म्हणजे पिळणे.

आणि इथेच आपला पेच येतो. फारसीत ‘पीचीदन’ म्हणजे पिळणे, वळणे. त्यातून पेच, म्हणजे स्क्रू, आणि पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर. पतंगाचा पेच, कुस्तीतला डावपेच, पेचप्रसंग, सगळे त्याच पिळाचे. पिळण्याच्या लॅटिन क्रियापदातून एक दागिनाही निघाला: ‘तोर्क्वेस’, म्हणजे प्राचीन फ्रान्सकडच्या गॉल योद्ध्यांच्या गळ्यातलं पिळलेल्या धातूचं कडं. एका गॉल योद्ध्याला मारून त्याचं हे कडं घालणाऱ्या रोमन वीराला ‘तोर्क्वातुस’ हे उपनाव मिळालं. आपल्याकडे पिळण्याच्या फारसी क्रियापदातूनही दागिना निघाला: सरपेच, मराठीत शिरपेच. दोन दूरच्या भाषांत एकाच क्रियेतून एकीकडे मानाचा दागिना आणि दुसरीकडे स्क्रूचं हत्यार! ही जोडी लक्षात आल्यापासून टॉर्क्सचा पेचकस हातात घेताना मला दरवेळी आनंद होतो.

‘शिरपेच’ला शुद्ध संस्कृत ठरवणाऱ्यांशी मात्र मी अजिबात सहमत नाही. ‘पेच’ संस्कृतात कुठून आणणार? फारसी ‘सर’ मराठी कानाला ‘शिर’ वाटला आणि तसा बसला, इतकंच. (सर आणि शिरस् मुळात एकाच घराण्यातले, हा योग वेगळा.) एलनचा ‘एलएन’ झाला तोही याच वाटेने, फक्त शिरपेचात अर्थ शाबूत राहिला आणि एलनमध्ये माणूसच गायब झाला.

‘पेचकस’मधला ‘कस’ कसणे या क्रियापदातला, असं जे सांगितलं जातं तेही मला मान्य नाही. मूळ फारसी शब्द पेचकश. ‘कश’ म्हणजे ओढणारा, जसा मेहनतकशमध्ये किंवा दिलकशमध्ये. मराठी माणूस कंबर कसतो, जमीन कसतो, पण स्क्रू तो आवळतो किंवा पिळतो. क्रियापद मराठीतलं असतं तर ‘पेचआवळ्या’सारखं काही घडलं असतं. शब्द अख्खाच बाहेरून आला आणि ‘श’चा ‘स’ झाल्यावर लोकांना त्यात कसणं दिसू लागलं.

तेव्हा लिहिताना एलन की, फिलिप्स आणि टॉर्क्स असंच लिहा. बोलताना ‘फुलीचा पेचकस’ आणि ‘चपटा पेचकस’ हे उत्तम शब्द आहेत. दुकानात मात्र ‘स्टार’ मागू नका, ‘टॉर्क्स टी-८’ असं क्रमांकासह मागा आणि टोक पाहून घ्या. एलन कीही मिलिमीटर सांगूनच घ्या, कारण इंची मापाची की मिलिमीटरच्या खाचेत सैल बसली तर खाचेचे कोपरे झिजतात आणि स्क्रू निघता निघत नाही.