‘पण याचा पुढे उपयोग काय?’ : मुलांच्या कलेविषयी पालकांचे प्रश्न

पत्र कराडचं असो की विट्याचं, फिरून फिरून प्रश्न तोच. मुलाला चित्रकलेला किंवा गाण्याला घातलं, पण त्यातून मिळणार काय? म्हणून या वेळी अशीच काही पत्रं एकत्र घेतली आहेत.

मुलगी साडेतीन वर्षांची आहे. माणूस काढते तेव्हा हातपाय थेट डोक्यालाच जोडते. कसं सुधारावं? (कराड)

सुधारू नका. या वयातली बहुतेक मुलं माणूस असाच काढतात.

सहा वर्षांचा मुलगा सगळं काळ्या रंगानेच रंगवतो. हे नैराश्याचं लक्षण असल्याचं व्हॉट्सॲपवर वाचलं. (तासगाव)

एका रंगावरून मुलाचं मन ओळखता येत नाही. असे निरोप पुढे पाठवणं आधी थांबवा. पांढऱ्या कागदावर काळा खडू सगळ्यात ठळक उठतो, मुलाला तेवढं कारण पुरतं. मात्र झोप किंवा भूक बदलली असेल, तो खेळायचा थांबला असेल, शाळेचं नाव काढताच घाबरत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना भेटा. ते चित्रामुळे नव्हे, या बदलांमुळे.

एका क्लासमध्ये मोझार्टचं संगीत ऐकवून मुलांची बुद्धी वाढवतात. डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायलाही शिकवतात. फी बरीच आहे. घालावं का? (विश्रामबाग, सांगली)

एक रुपयाही भरू नका. मोझार्टची गोष्ट 1993 सालच्या एका प्रयोगातून आली. कॉलेजातल्या 36 विद्यार्थ्यांनी दहा मिनिटं ते संगीत ऐकलं आणि आकारांची कोडी थोडी बरी सोडवली. तो परिणाम पाव तासही टिकला नाही. त्यात लहान मूल एकही नव्हतं. पट्टीचं वाचन नाकाजवळच्या फटीतून होतं. म्हणजे पैसे घेऊन मुलाला खोटं बोलायला शिकवतात, आणि याचा मला फार राग येतो.

कुठलाही क्लास लावण्याआधी तिथे तासभर बसून बघा. भिंतीवरची सगळी चित्रं एकसारखी दिसली तर ती मुलांची नाहीत, शिक्षकांची आहेत.

मुलगी नववीत आहे. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला ए ग्रेड मिळाली, दहावीच्या वाढीव गुणांची सोय झाली. आता चित्रकला बंद करावी म्हणतो, पण ती रडते. चित्रकार तर व्हायचं नाही, मग उपयोग काय? बारावीनंतर पुन्हा सुरू करता येईलच. (विटा)

तुम्ही गुण मोजलेत. ते मिळाले हे चांगलंच झालं, पण तुमची मुलगी गुणांसाठी रडत नाही.

नऊ-दहा वर्षांच्या सुमारास मुलांना कळायला लागतं की आपलं चित्र दिसतं तसं येत नाही. बरीच मुलं तिथेच ‘मला जमत नाही’ म्हणून कागद बाजूला सारतात. तुमची मुलगी तो घाट चढून आली आहे. तांब्याच्या पोटावरची सावली कुठे संपते हे ती अर्धा तास बघत बसते, तेव्हा ती कशाचीही तयारी करत नसते. ते बघणं हेच तिचं मिळवणं असतं. त्याने गणित सुधारो वा न सुधारो. मुलांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार भारताने 1992 मध्ये स्वीकारला. त्याच्या 31व्या कलमात विश्रांती आणि खेळाच्या बरोबरीने कलेत भाग घेण्याचा हक्क आहे, आणि त्याला ‘निकाल चांगला लागला तर’ अशी अट नाही.

सुट्टीत तिला सातारा जिल्ह्यातल्या औंधला न्या. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रं काढायचे. त्यांनी 1938 मध्ये तिथल्या डोंगरावर संग्रहालय उभारलं. रविवर्म्याची चित्रं तिथे आहेत, ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूरचं आई-मुलाचं शिल्पही आहे. तिला हव्या त्या चित्रापुढे हवं तेवढं थांबू द्या. ‘काय शिकलीस?’ एवढं विचारू नका.

आणि ते ‘बारावीनंतर’. माझी पेटी नववीत माळ्यावर गेली, परीक्षेपुरतीच. ती पुन्हा खाली आली नाही. बोटं कदाचित वळली असती, पण सगळ्यांसमोर चुकत चुकत वाजवायचा धीर राहिला नव्हता. हे तिच्या वाट्याला येऊ देऊ नका. क्लासची वेळ कमी करा, रविवारची सकाळ तरी ठेवा. किती वेळ झेपेल ते तिच्या चित्रकलेच्या शिक्षकांसोबत आणि तिच्यासोबत बसून ठरवा. ती समोर नसताना नको.

अकरा वर्षांच्या मुलाला सतार शिकायची आहे. ऑनलाइन छोटी सतार स्वस्त मिळते, घेऊ का? (जत)

नको. आधी गुरू शोधा, मग त्यांना विचारून मिरजेला सतारमेकर गल्लीत जा. शस्त्रं घडवणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यांनी तिथे वाद्यं करायला घेतली, त्यांना पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. मुलाच्या मांडीवर ठेवून बघितल्याशिवाय सतार घ्यायची नसते.

तेरा वर्षांचा मुलगा गातो. चार महिने आवाज घोगरा आहे. शेजारी म्हणतात, वयात येतोय, हळद-मध द्या. (कोरेगाव)

या वयात आवाज फुटतो हे खरं. पण तीन आठवड्यांहून जास्त घोगरेपणा राहिला तर घसा तपासलाच पाहिजे, आणि तुम्ही चार महिने घालवलेत. याच आठवड्यात कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. तोवर वरच्या पट्टीत ताणून गाणं बंद. गुरुजींना सांगून तासाला जाऊ द्या, तानपुऱ्याशेजारी बसून नुसतं ऐकू द्या.