लष्करात डॉक्टर व्हायचंय, बाबांना दवाखाना हवाय

ताई, मी सोलापूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात इंटर्नशिप करतेय. वय २४. घर पूर्व भागात, बाबांचा यंत्रमागाचा छोटा कारखाना. मला शॉर्ट सर्व्हिसवर, म्हणजे ठरावीक वर्षांच्या कमिशनवर, लष्करात डॉक्टर म्हणून जायचंय. बाबा म्हणतात, तिकडे सर्दी-खोकल्याच्या गोळ्या वाटत बसशील, शिकलेलं विसरशील, पीजी (पदव्युत्तर शिक्षण) राहील ती राहीलच. अशोक चौकात दवाखान्यासाठी गाळाही बघून ठेवलाय. वर कोटणीसांचं नाव काढतात, 'आपल्याच गावचा पोरगा फौजेत डॉक्टर झाला, बत्तिशीत गेला.' फायनलला मेडिसिनमध्ये मी एकदा नापास झालेय. अर्ज करू का?
– पूर्व भागातली इंटर्न

आधी कोटणीसांचं बघू, म्हणजे तो विषय घरात मिटेल. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले ते काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून. भारतीय लष्कराशी त्याचा संबंध नव्हता. ९ डिसेंबर १९४२ ला ते गेले तेही अपस्माराच्या झटक्यांनी, गोळी लागून नाही. बाबांची काळजी खोटी नाही, पण दाखला चुकलाय.

शिकलेलं विसरण्याबद्दल मात्र ते निम्मे बरोबर आहेत. नुसत्या एमबीबीएसवर गेलीस की सुरुवात जनरल ड्यूटीने. पलटणीची आरएमओ, म्हणजे पलटणीची डॉक्टर, झालीस तर सात-आठशे जवानांमागे तू एकटी डॉक्टर, हाताशी नर्सिंग असिस्टंट. सकाळी एमआय रूममध्ये, म्हणजे पलटणीच्या दवाखान्यात, सिक रिपोर्ट (आजारी जवानांची तपासणी), मग वार्षिक तपासण्या, 'शेप'ची म्हणजे तंदुरुस्तीची वर्गवारी, कुकहाऊसची पाहणी, पाण्याची तपासणी. पीएसएममधली (सामाजिक वैद्यकशास्त्रातली) हॉरॉक्सची पेटी आठवतेय ना, पाण्याला ब्लीचिंग पावडर किती लागेल ते काढायची? अर्ध्या तासाने पहिल्या ज्या कपात ठळक निळा रंग येतो, त्या कपाचा क्रमांक गुणिले २ ग्रॅम ब्लीचिंग पावडर, ४५५ लिटर पाण्याला. इंटर्नशिपमध्ये जे सगळे झोपून काढतात, ते तिथे चुकलं तर अख्खी कंपनी जुलाबाने आडवी होते.

उंचावर पोस्टिंग आलं तर हिशेब विरळ हवेला सरावायच्या दिवसांचा. ९ ते १२ हजार फुटांवर सहा दिवस, १५ हजारांपर्यंत आणखी चार, त्यापुढे आणखी चार. घोटाळा होतो तो कुणीतरी घाईत दिवस गाळल्यामुळे, किंवा जवान दम लागलेला लपवतो म्हणून. फुप्फुसात पाणी झालं तर ऑक्सिजन लावून खाली उतरवणं, हाच खरा उपचार. हेलिकॉप्टर येईपर्यंत निर्णय तुझा. याला गोळ्या वाटणं म्हणत नाहीत. पण सिझेरियन किंवा हर्नियावरचा हात तिथे बसत नाही, हेही खरं.

म्हणून 'लष्कर की पीजी' हा प्रश्नच बाजूला ठेव. अलीकडच्या शॉर्ट सर्व्हिसच्या जाहिरातींत नीट पीजी (पीजीची प्रवेश परीक्षा) पात्र असणं ही अट आहे, म्हणजे परीक्षा दोन्हीकडे एकच. ती दे आणि रँक बघ. सर्जरी किंवा गायनॅकच हवी असेल आणि जागा मिळत असेल, तर आधी पीजी कर, असं माझं स्पष्ट मत. वयाची अट ३१ डिसेंबरला मोजतात, एमबीबीएसला ३० आणि पदव्युत्तरला ३५. तू २४ ची, तीन वर्षं सहज बसतात, आणि मग स्पेशालिस्ट म्हणून जाता येतं. शाखा ठरलेली नसेल किंवा रँक मधलीच आली, तर एक वर्ष रिपीट करत घरी बसण्यापेक्षा आत्ता अर्ज कर. सेवेत राहूनही पीजी होते, पण ती तुझ्या वेळापत्रकाने होत नाही.

नापास झाल्याचं दडपण घेऊ नकोस. फायनलचे दोन्ही भाग पहिल्या किंवा दुसऱ्या प्रयत्नात सुटलेले असावेत, एवढंच. अटेम्प्ट सर्टिफिकेट (किती प्रयत्नांत पास झालीस त्याचा दाखला) मात्र आत्ताच काढून ठेव, ऐनवेळी क्लार्क रजेवर असतो. मेडिकल कौन्सिलची कायम नोंदणीही हातात हवी. सरकारी कॉलेजच्या एक वर्षाच्या सेवेच्या बाँडचं काय होणार, हे डीन ऑफिसकडून लेखी घे. तोंडी 'होऊन जाईल' धरू नकोस.

मुलाखतीत चांगली मुलं निघतात आणि मेडिकल बोर्डात अडकतात. सपाट तळवे, गुडघे जुळणं, व्हेरिकोज व्हेन्स, वाकडा नाकाचा पडदा, रंगांधळेपणा, वजन. तुझ्यासाठी हिमोग्लोबिन आणि पोटाची सोनोग्राफीही. सिव्हिलमध्ये आहेस तोवर ईएनटी, डोळे, ऑर्थो सगळीकडे दाखवून घे आणि कानातला मळ आधी काढ. त्यापायीही कानाचा पडदा दिसत नाही म्हणून तात्पुरतं अनफिट लिहितात. निवड झाली की लखनौला एएमसी (आर्मी मेडिकल कोअर) सेंटरमध्ये प्रशिक्षण. कोअर एकच, पण डॉक्टर नौदल-हवाई दलातही दिले जातात. पुणं मिळेल असं धरून जाऊ नकोस.

बाबा हिशेबी, तर आकडे समोर ठेव. सातव्या वेतन आयोगात कॅप्टनचं मूळ वेतन ६१,३००, मिलिटरी सर्व्हिस पे १५,५००, मूळ वेतनाच्या २० टक्के एनपीए (खासगी प्रॅक्टिस न करण्याचा भत्ता). सुरुवातीलाच ८९,०६०, शिवाय महागाई भत्ता. मात्र पेन्शनला वीस वर्षं लागतात आणि शॉर्ट सर्व्हिस पाचची, वाढवून चौदापर्यंत. कायम कमिशन निवडीतून मिळतं, आपोआप नाही. सगळ्यात वाईट म्हणजे चौदाव्या वर्षी बाहेर पडणं. पेन्शन नाही, चाळिशी जवळ आणि दवाखाना पहिल्यापासून. पाचव्या वर्षाआधीच ठरव, राहायचं की निघायचं.

'पोरीची जात' हे वाक्य घरात आलंच, तर तुझ्या पदवीवर ज्या आरोग्य विद्यापीठाचा शिक्का असेल, त्याच्या कुलगुरूपदी २०२१ मध्ये लेफ्टनंट जनरल माधुरी कानिटकर आल्या होत्या, हे बाबांना सांग. लष्करी बालरोगतज्ज्ञ.

आणि त्या गाळ्याचं डिपॉझिट नीटच्या निकालापर्यंत भरू नका म्हणावं.