गिअर रेशोचा कोड आला म्हणून गिअरबॉक्स उतरवू नका

प्रश्न (खानापूर): गोव्याहून चोर्ला घाट चढताना माझ्या सहा गिअरच्या ऑटोमॅटिक गाडीचं आरपीएम एकदम वर गेलं, वेग मात्र वाढेना. स्कॅनरवर पी-०७३३ हा बिघाडाचा कोड आलाय. गॅरेजवाले गिअरबॉक्स उतरवायला सांगतात. काय करू?

उत्तर: एवढ्यात नको. पी-०७३३ म्हणजे तिसऱ्या गिअरचा रेशो जुळत नाही, इतकंच. हा रेशो कॉम्प्युटर भागाकार करून काढतो: टर्बाइनच्या (इंजिनकडून गिअरबॉक्सात येणाऱ्या बाजूच्या) फेऱ्या भागिले आउटपुट शाफ्टच्या (चाकांकडे जाणाऱ्या दांड्याच्या) फेऱ्या. समजा तिसऱ्याचा रेशो १.५ आहे. टर्बाइन ३००० ला असेल तर आउटपुट २००० हवा. तो १७०० भरला तर उत्तर १.७६ येतं आणि कोड बसतो. पण आत क्लच घसरला तरी हिशेब चुकतो, आणि फेऱ्या मोजणाऱ्या सेन्सरने खोटा आकडा दिला तरी चुकतो.

म्हणून स्कॅनर लावूनच चक्कर मारा आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी बघा. क्लच घसरत असेल तर टर्बाइनचा आकडा उसळतो, आउटपुट गाडीच्या वेगाबरोबर राहतो. आउटपुटच मध्येच शून्यावर पडत असेल, तर धावत्या गाडीचा शाफ्ट असा क्षणात थांबत नसतो. बेळगावच्या उद्यमबागेत आमच्या गॅरेजमध्ये पावसाळ्यात अशीच एक गाडी आली होती. १९००, ०, पुन्हा १९००. सेन्सरचा कनेक्टर काढला तर एका पिनवर हिरवट थर साचलेला. पिन साफ केली, फाटलेलं रबर सील बदललं, गाडी नीट झाली. त्या मालकाला आधी दुसरीकडे पूर्ण ओव्हरहॉल सांगितला होता. माणूस पैशांची जुळवाजुळव करत होता, हे आठवलं की आजही वाईट वाटतं.

आकडे खरे निघाले, तर रिव्हर्स टाकून बघा. सहा गिअरच्या बऱ्याच बॉक्सात तिसरा, पाचवा आणि रिव्हर्स एकाच क्लचवर चालतात. तिन्ही ढिले असतील तर संशय त्या क्लचवर किंवा त्याच्या सोलेनॉइडवर (क्लचकडे जाणारं ऑइल सोडणारा विजेवरचा व्हॉल्व्ह). सगळेच गिअर घसरत असतील तर आधी ऑइलची लेव्हल, मग प्रेशर.

प्रश्न (निपाणी): माझी गाडी एएमटी. तवंदी घाटात ट्रॅफिकमध्ये अडकलो की जळका वास येतो, पिकअप जातो. हाही रेशोचाच फॉल्ट का?

उत्तर: नाही. एएमटीत गिअरबॉक्स साध्या मॅन्युअल गाडीचाच असतो, फक्त क्लच आणि गिअर यंत्र टाकतं. दात एकमेकांत बसल्यावर रेशो घसरत नाही. घसरते ती इंजिन आणि गिअरबॉक्समधली क्लच प्लेट. चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवत असाल तर प्लेट जळणारच. ब्रेकवर थांबा, वेळ लागणार असेल तर हँडब्रेक ओढून न्यूट्रल करा. वास वरचेवर येत असेल तर प्लेट तपासून घ्या.

प्रश्न (बेळगाव): ९०,००० किलोमीटर झाले, गिअर ऑइल कधीच बदललं नाही. दुकानदार म्हणतो, कुठलंही एटीएफ (ऑटोमॅटिक गाडीचं गिअर ऑइल) चालतं.

उत्तर: चालत नाही. मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच घ्या. सीव्हीटीचं (ठरावीक गिअर नसलेल्या ऑटोमॅटिकचं) ऑइल तर पूर्ण वेगळं असतं. काढलेल्या ऑइलचे दोन थेंब पांढऱ्या कागदावर टाका. नुसतं तपकिरी असेल तर बदलून टाका. करपल्याचा वास असेल, त्यात चकाकणारा चुरा दिसत असेल, तर मशीनने फ्लश करू, म्हणजे दाबाने जुनं ऑइल धुऊन काढू देऊ नका. गिअरबॉक्सखालचा ऑइलचा चेंबर उघडून आत काय साचलंय ते आधी बघायला सांगा.